कुलूपबंद फाइल: सामायिक संगणकवापरातील एका अडथळ्याचा इतिहास (१९६१ ते २०२२)

सारांश

‘ही फाइल दुसऱ्या आज्ञावलीकडून वापरात आहे’ हा संदेश संगणक वापरणाऱ्या प्रत्येकाच्या परिचयाचा आहे. बहुतेकांना तो यंत्राचा दोष वाटतो. प्रस्तुत निबंधात या संदेशामागील ‘कुलूप’ या कल्पनेचा ऐतिहासिक मागोवा घेतला आहे. एकाच यंत्रावर अनेकांनी काम करण्यास प्रारंभ झाल्यापासून ही समस्या उद्भवली, युनिक्स व विंडोज या दोन परंपरांनी तिला भिन्न उत्तरे दिली, आणि या उत्तरांतील उणिवांमधून अडकलेली फाइल सोडविण्याची साधने जन्माला आली, असे येथे दाखविण्याचा प्रयत्न केला आहे. कुलूप हे मूलतः संरक्षण असून खरी अडचण कुलूप कोणी लावले हे न दिसण्यात आहे, हे या निबंधाचे प्रमुख प्रतिपादन आहे.

बीजशब्द: फाइल, कुलूप, परस्पर वर्जन, कोंडी, युनिक्स, विंडोज, सामायिक वापर.

१. प्रस्तावना

काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयाच्या परीक्षा विभागात घडलेला एक प्रसंग प्रस्तुत लेखकाने जवळून पाहिला आहे. अंतर्गत मूल्यमापनाच्या गुणांची एक्सेल फाइल विभागातील सर्वांसाठी सामायिक फोल्डरमध्ये ठेवलेली होती. एका संगणकावर ती उघडी राहिली आणि तो संगणक वापरणारे कर्मचारी दुपारनंतर रजेवर गेले. गुण भरण्याचा तो शेवटचा दिवस होता. एका प्राध्यापकांनी फाइल उघडली तेव्हा ती वापरात असून केवळ वाचनासाठी उघडता येईल, असा संदेश आला. त्यांनी ती नव्या नावाने साठवली आणि त्या प्रतीत आपल्या तुकडीचे गुण भरले. दुसऱ्या दिवशी मूळ फाइल पुढे पाठविली गेली. तीत त्या तुकडीपुढील चौकटी रिकाम्या होत्या. निकालपत्रावर साठाहून अधिक विद्यार्थी अनुपस्थित ठरले, आणि ही चूक निस्तरण्यास तीन आठवडे लागले.

या प्रसंगात यंत्राने आपले काम चोख बजावले होते. दोघांचे लेखन एकमेकांवर पडू नये म्हणून त्याने दुसऱ्याला अडविले. प्राध्यापकांनीही निष्काळजीपणा केला असे म्हणता येत नाही, कारण फाइल कोणाकडे अडकली आहे आणि ती कशी सोडवावी, हे सांगणारे तेथे कोणी नव्हते. मग चूक झाली कोठे? या प्रश्नाचे उत्तर शोधू गेल्यास आपणास सहा दशके मागे जावे लागते.

लेखनाच्या सोयीसाठी ‘फाइल’, ‘फोल्डर’ इत्यादी रूढ शब्द तसेच ठेवले आहेत. ‘आज्ञावली’ म्हणजे संगणकावर चालणारा प्रोग्रॅम आणि ‘कार्यप्रणाली’ म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, असा अर्थ येथे अभिप्रेत आहे.

२. समस्येचा उगम: एक यंत्र, अनेक वापरकर्ते

१९५० च्या दशकातील संगणकावर एका वेळी एकच काम चालत असे. छिद्रित कार्डांचा गठ्ठा यंत्रात घालावा, काम पूर्ण होईपर्यंत थांबावे आणि मग दुसऱ्याचा गठ्ठा घ्यावा, अशी पद्धत होती. या व्यवस्थेत फाइलीवरून दोघांचा संघर्ष होण्याचा संभवच नव्हता. नोव्हेंबर १९६१ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे फर्नांडो कोर्बातो व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सीटीएसएस’ या कालविभाजन प्रणालीचे प्रात्यक्षिक दाखविले. यंत्राचा वेळ सूक्ष्म तुकड्यांत विभागून तो अनेकांना आळीपाळीने द्यावा, ही तिच्यामागील कल्पना होती. प्रत्येकाला यंत्र आपल्या एकट्याच्याच सेवेत आहे असे वाटे.

याच प्रणालीवर १९६० च्या दशकाच्या मध्यास एक विलक्षण घटना घडली. एके दिवशी यंत्रावर प्रवेश करणाऱ्या प्रत्येकापुढे ‘आजची सूचना’ या नेहमीच्या मजकुराऐवजी सर्व वापरकर्त्यांच्या परवलीच्या शब्दांची यादी छापली जाऊ लागली. कोर्बातो यांना १९९० चा ट्यूरिंग पुरस्कार मिळाला. त्या निमित्ताने दिलेल्या व्याख्यानात त्यांनी या घटनेचे कारण सांगितले आहे. मजकूर संपादन करणारी आज्ञावली काम चालू असताना एक तात्पुरती फाइल तयार करीत असे आणि तिचे नाव ठरलेले होते. एका फोल्डरमध्ये एका वेळी एकच व्यक्ती काम करणार, असे ती रचताना गृहीत धरले होते. पुढे प्रणालीची देखभाल करणाऱ्यांनी सोयीसाठी एक सामायिक फोल्डर वापरण्यास प्रारंभ केला. त्या दिवशी एकजण परवलीच्या शब्दांची फाइल दुरुस्त करीत होता आणि दुसरा आजची सूचना लिहीत होता. दोघांच्या तात्पुरत्या फाइलींचे नाव एकच असल्याने मजकुरांची अदलाबदल झाली.

ही घटना दोन कारणांसाठी महत्त्वाची आहे. पहिले म्हणजे, दोघांपैकी कोणीही चूक केलेली नव्हती. दोन निर्दोष कृती एकाच क्षणी घडल्याने तिसरेच अनिष्ट उद्भवले. दुसरे म्हणजे, मूळ दोन्ही फाइली वेगवेगळ्या होत्या आणि टक्कर तात्पुरत्या प्रतींच्या पातळीवर झाली. मूळ फाइलींना कुलूप लावले असते तरी हा प्रकार टळला नसता. प्रस्तावनेतील गुणपत्रकाच्या प्रसंगाचे मूळही असेच प्रतीत होते.

३. सैद्धांतिक पाया: परस्पर वर्जन आणि कोंडी

या समस्येला शास्त्रीय रूप देण्याचे श्रेय प्रामुख्याने डच शास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांच्याकडे जाते. १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अगदी छोट्या निबंधात त्यांनी असा प्रश्न मांडला: अनेक प्रक्रिया एकाच वेळी चालू असताना, त्यांच्यातील एका नाजूक भागात कोणत्याही क्षणी एकच प्रक्रिया असेल याची खात्री कशी द्यावी? यालाच ‘परस्पर वर्जन’ म्हणतात. दोन प्रक्रियांपुरते या प्रश्नाचे उत्तर त्यांचे देशबांधव डेकर यांनी आधीच शोधले होते. डाइक्स्ट्रा यांनी ते कितीही प्रक्रियांना लागू होईल असे व्यापक केले. पुढे त्यांनी ‘सेमाफोर’ हे साधन सुचविले. हे नाव रेल्वेच्या हात-सिग्नलवरून घेतलेले आहे.

रेल्वेचा हा दाखला आपल्याकडील वाचकास सहज पटेल. एकेरी मार्गावर समोरासमोरून दोन गाड्या येऊ नयेत म्हणून भारतीय रेल्वेत ‘नील्स बॉल टोकन’ ही पद्धत दीर्घकाळ वापरली गेली. दोन स्थानकांमधील मार्गासाठी एका वेळी एकच गोळा यंत्रातून बाहेर काढता येतो. तो गोळा ज्या चालकाच्या हाती असेल, त्याचीच गाडी त्या मार्गावर जाते. पुढील स्थानकात गोळा परत यंत्रात गेला की मार्ग मोकळा होतो. फाइलीचे कुलूप म्हणजे असाच एक गोळा आहे. आणि गोळा घेऊन निघालेली गाडीच वाटेत बंद पडली तर मागच्या सर्व गाड्या खोळंबतात, हेही दोन्हीकडे सारखेच आहे.

या खोळंब्याचे विश्लेषण १९७१ मध्ये कॉफमन, एल्फिक व शोशानी या तिघांनी केले. त्यांच्या मते कोंडी होण्यासाठी चार अटी एकत्र याव्या लागतात. वस्तू एका वेळी एकालाच वापरता येणे, हातची वस्तू न सोडता दुसरीची वाट पाहणे, कोणाकडूनही वस्तू बळाने काढून घेता न येणे आणि वाट पाहणाऱ्यांची साखळी वर्तुळाकार होणे, या त्या अटी होत. यांपैकी एक अट मोडली तरी कोंडी फुटते. अडकलेली फाइल ही प्रत्येक वेळी पूर्ण अर्थाने कोंडी नसते. तेथे वर्तुळ बहुधा नसते, एकतर्फी खोळंबा असतो. तथापि तिच्यावरील उपायांकडे या चष्म्यातून पाहिल्यास बरेच स्पष्ट होते. ‘आज्ञावली सक्तीने बंद करा’ हा लोकप्रिय उपाय म्हणजे तिसरी अट मोडणे होय, आणि ती मोडण्याची किंमत असते.

४. युनिक्सची वाट: विश्वासावर आधारलेली व्यवस्था

१९७० च्या दशकाच्या आरंभी बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी युनिक्स ही कार्यप्रणाली घडविली. १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात फाइलीच्या कुलपाविषयी स्पष्ट भूमिका आढळते. त्यांच्या मते, त्यांच्या परिस्थितीत कुलूप आवश्यकही नव्हते आणि पुरेसेही नव्हते. आवश्यक नव्हते, कारण अनेक स्वतंत्र प्रक्रिया एकाच प्रचंड फाइलीवर काम करीत आहेत असे तेथे घडत नसे. पुरेसे नव्हते, कारण संपादक आज्ञावली जर फाइलीची प्रत काढून तिच्यावर काम करीत असेल, तर मूळ फाइलीचे कुलूप दोघांमधील गोंधळ टाळू शकत नाही. सीटीएसएसमधील घटनेनंतर काही वर्षांतच हा युक्तिवाद मांडला जावा, हे लक्षणीय आहे.

काळ बदलला तशी ही भूमिका टिकली नाही. युनिक्सवर विदागारे, टपालसेवा, मुद्रणाच्या रांगा चालू लागल्या आणि कुलूप अपरिहार्य झाले. १९८३ च्या बर्कली युनिक्स ४.२ मध्ये संपूर्ण फाइलीला कुलूप लावण्याची सोय आली. एटी अँड टीच्या सिस्टिम फाइव्ह शाखेत फाइलीच्या एखाद्या भागालाच कुलूप लावणारी निराळी पद्धत रूढ झाली आणि १९८८ च्या पॉसिक्स मानकात तीच स्वीकारली गेली. ही कुलपे ‘ऐच्छिक’ स्वरूपाची होती. कुलूप आहे की नाही हे पाहण्याची तसदी जी आज्ञावली घेईल, तिच्यापुरतेच ते बंधनकारक असे. ज्या आज्ञावलीने विचारलेच नाही, तिला कोणी अडवीत नसे. सक्तीच्या कुलपांचाही प्रयोग झाला, पण तो रुजला नाही. लिनक्सने तर २०२१ मध्ये, आपल्या ५.१५ या आवृत्तीत, सक्तीच्या कुलपांची सोय काढूनच टाकली.

युनिक्सची आणखी एक रचना येथे लक्षात घेतली पाहिजे. तेथे फाइलीचे नाव आणि फाइलीचा मजकूर या दोन वेगळ्या वस्तू आहेत. फाइल पुसणे म्हणजे केवळ नाव पुसणे. एखाद्या आज्ञावलीने ती फाइल उघडलेली असेल, तर मजकूर तिच्यापुरता जिवंत राहतो आणि तिने फाइल बंद केली की मगच नाहीसा होतो. परिणामी ‘फाइल वापरात आहे म्हणून पुसता येत नाही’ ही तक्रार युनिक्सवर सहसा उद्भवत नाही. चालू आज्ञावलीच्या फाइलीवर थेट लिहिण्यास मात्र तेथेही मज्जाव असतो. या सोयीची दुसरी बाजू अशी की, प्रचंड मोठी नोंदफाइल पुसूनही चकतीवरील जागा मोकळी होत नाही. कोणत्या तरी आज्ञावलीने ती अजून धरून ठेवलेली असते आणि नाव पुसलेले असल्याने ती यादीत दिसतही नाही. अडथळा नाहीसा झाला नाही, त्याने रूप मात्र पालटले.

५. डॉस आणि विंडोजची वाट: दारातच अडविणारी व्यवस्था

वैयक्तिक संगणकाचा प्रवास निराळ्या दिशेने झाला. १९८१ चा डॉस एका माणसासाठी, एका वेळी एका आज्ञावलीसाठी होता. ऑगस्ट १९८४ मध्ये आलेल्या त्याच्या ३.० आवृत्तीत ‘शेअर’ नावाची छोटी आज्ञावली समाविष्ट झाली आणि पुढील ३.१ आवृत्तीत संगणकजाळ्याला आधार मिळाला. ‘शेअर’ सुरू असेल तर फाइल उघडणाऱ्या आज्ञावलीस आपण काय करणार हे सांगावे लागेच, शिवाय इतरांना काय करू द्यावे हेही सांगावे लागे. इतरांना वाचू द्यावे, लिहू द्यावे, दोन्ही करू द्यावे किंवा काहीच करू देऊ नये, असे पर्याय होते. वेगळी सूचना न दिल्यास ‘शेअर’ एकूण २० कुलपांचीच नोंद ठेवीत असे. आज हा आकडा हास्यास्पद वाटेल, पण त्या काळातील गरज तेवढीच होती.

महाराष्ट्रातील ज्या महाविद्यालयांनी १९९० च्या दशकात कार्यालयीन कामासाठी संगणक घेतले, तेथील जुन्या कर्मचाऱ्यांना फॉक्सप्रो आठवत असेल. त्यात संपूर्ण तक्त्याला कुलूप लावण्याची आज्ञा वेगळी आणि एका नोंदीला कुलूप लावण्याची वेगळी होती. आज्ञावली लिहिणाऱ्याने नोंदीऐवजी तक्त्यालाच कुलूप लावले, तर एका विद्यार्थ्याचे शुल्क भरून घेताना बाकीच्या खिडक्या थांबत. कुलूप किती मोठे असावे, हा प्रश्न तेथे प्रत्यक्ष रांगेच्या रूपाने उभा राही.

जुलै १९९३ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज एनटी बाजारात आणली. डेव्ह कटलर यांच्या नेतृत्वाखाली घडलेल्या या प्रणालीत सामायिक वापराचे नियम गाभ्यातच बसविलेले होते. फाइल उघडताना आज्ञावलीने इतरांना वाचणे, लिहिणे व पुसणे यांपैकी ज्याची परवानगी दिली नसेल, ते कार्यप्रणाली कोणासही करू देत नाही. येथे विचारणे ऐच्छिक नाही. नियम सर्वांना लागू आहे आणि त्याची अंमलबजावणी दारातच होते. नियमभंग झाल्यास आज्ञावलीस ३२ हा त्रुटिक्रमांक मिळतो आणि वापरकर्त्यास तो परिचित संदेश. फाइलीच्या एखाद्या भागाला लावलेल्या कुलपासाठी ३३ हा निराळा क्रमांक आहे. अधिकार नसल्याने प्रवेश नाकारला गेला तर क्रमांक ५ येतो. हा भेद किरकोळ वाटला तरी निदानाच्या दृष्टीने निर्णायक आहे. क्रमांक ५ आलेला असताना फाइल धरून बसलेल्या आज्ञावलीचा शोध घेणे बहुधा व्यर्थ ठरते.

या रचनेचा लाभ मोठा होता, पण गैरसोयही तेवढीच मोठी. कार्यप्रणालीच्या स्वतःच्या फाइली सतत वापरात असतात, मग त्या सुधारित आवृत्तीने बदलायच्या कशा? यावरील तोड म्हणून बदल पुढील प्रारंभापर्यंत लांबणीवर टाकण्याची पद्धत आली. विंडोज ९५ मध्ये एका विशिष्ट फाइलीत आणि एनटीमध्ये नोंदवहीतील एका नोंदीत प्रलंबित कामांची यादी लिहिली जाई. यंत्र पुन्हा सुरू होताना, कोणतीही आज्ञावली जागी होण्यापूर्वी, ही कामे उरकली जात. ‘संगणक बंद करून पुन्हा सुरू करा’ हा सल्ला पुष्कळदा थट्टेचा विषय होतो. त्यामागे असा तर्कशुद्ध विचार आहे, हे फारसे कोणी ध्यानात घेत नाही.

६. विदागारांचा धडा आणि मुदतीचे कुलूप

कुलपाचा सर्वांत सखोल विचार विदागारांच्या क्षेत्रात झाला. आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत ‘सिस्टिम आर’ हा प्रकल्प चालू असताना जिम ग्रे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकाच्या मध्यास दोन महत्त्वाचे प्रश्न सोडविले. कुलूप संपूर्ण विदागाराला, तक्त्याला की एका ओळीला लावावे आणि या पातळ्यांचा मेळ कसा घालावा, हा पहिला. कुलपे कोणत्या क्रमाने घ्यावीत व सोडावीत म्हणजे सर्व व्यवहार जणू एकामागून एक झाले असा परिणाम साधेल, हा दुसरा. ग्रे यांना १९९८ चा ट्यूरिंग पुरस्कार मिळाला. रेल्वेच्या आरक्षण खिडकीवर एकच आसन दोघांना दिले जात नाही, त्यामागे याच विचारसरणीची शिस्त असते.

विदागारांनी आणखी एक गोष्ट मान्य केली: कोंडी पूर्णतः टाळता येत नाही, म्हणून ती ओळखून एका व्यवहाराचा बळी द्यावा आणि त्याने केलेले सर्व बदल पूर्ववत करावेत. सक्ती येथेही आहे, पण माघारीची व्यवस्था आधीच केलेली आहे. सामान्य फाइलीच्या बाबतीत ही व्यवस्था नसते. म्हणूनच तेथील सक्ती धोक्याची ठरते.

संगणकजाळ्यामुळे प्रश्न आणखी बिकट झाला. कुलूप लावणारा संगणकच बंद पडला किंवा जाळ्यातून तुटला, तर ते कोणी काढायचे? १९८९ मध्ये कॅरी ग्रे व डेव्हिड चेरिटन यांनी भाडेपट्ट्यासारख्या मुदतबंद कुलपाची कल्पना मांडली. ठरलेल्या मुदतीत नूतनीकरण झाले नाही तर हक्क आपोआप संपतो. जाळ्यावरील फाइलींसाठीच्या ‘एनएफएस’ या पद्धतीच्या चौथ्या आवृत्तीत हे तत्त्व अंगीकारले गेले. मालकाच्या मौनाचा अर्थ काय लावावा, या जुन्या प्रश्नाला दिलेले हे समंजस उत्तर आहे.

७. धारकाचा शोध: निदानाच्या साधनांचा इतिहास

येथवरच्या विवेचनात एक उणीव सतत जाणवते. फाइल अडकली आहे असे यंत्र सांगते, ती कोणाकडे अडकली आहे हे सांगत नाही. निदानाच्या साधनांचा सारा इतिहास ही उणीव भरून काढण्याचा इतिहास आहे.

युनिक्समध्ये ‘एफयूजर’ ही आज्ञा दिलेली फाइल वापरणाऱ्या प्रक्रियांचे क्रमांक दाखविते. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाचे व्हिक एबल यांनी रचलेली ‘एलएसओएफ’ ही आज्ञावली त्याहून व्यापक आहे. कोणत्या प्रक्रियेने कोणत्या फाइली उघडल्या आहेत याची संपूर्ण यादी ती देते. नाव पुसलेल्या, पण अजून धरलेल्या फाइलीही तीत आढळतात. विंडोजच्या बाबतीत हे कार्य मार्क रसिनोविच व ब्राइस कॉगस्वेल यांनी केले. १९९६ पासून त्यांनी विनामूल्य उपलब्ध करून दिलेल्या साधनांत ‘हँडल’ आणि ‘प्रोसेस एक्सप्लोरर’ यांचा समावेश होतो. फाइलीचे नाव शोधताच ती धरणारी आज्ञावली दाखविण्याची सोय या दोन्हींत आहे. जुलै २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्यांची कंपनी विकत घेतली. बाहेरच्या व्यक्तींनी दाखवून दिलेली उणीव मूळ उत्पादकाने अशा रीतीने मान्य केली, असे म्हणावयास हरकत नाही.

जानेवारी २००७ मध्ये सर्वसामान्यांसाठी उपलब्ध झालेल्या विंडोज व्हिस्टामध्ये ‘रिस्टार्ट मॅनेजर’ ही सोय आली. फाइल बदलू पाहणारी आज्ञावली ती फाइल धरणाऱ्यांची यादी मिळवून त्यांना रीतसर बंद होण्याची विनंती करू शकते. २००९ च्या विंडोज ७ मधील ‘रिसोर्स मॉनिटर’मध्ये असा शोध घेण्याची खिडकी आहे, तर २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या ‘पॉवरटॉइज’ या संचात ‘फाइल लॉकस्मिथ’ हे साधन दाखल झाले. त्यामुळे फाइलीवर उजवी कळ दाबून धारक आज्ञावली पाहता येते. १९९३ मध्ये उपस्थित झालेल्या प्रश्नाचे सोपे उत्तर सामान्य वापरकर्त्याच्या हाती येण्यास जवळजवळ तीन दशके लागली.

कार्यालयीन आज्ञावल्यांनी याच उणिवेवर आपल्यापुरता तोडगा काढला आहे. वर्डमध्ये दस्तऐवज उघडला की त्याच फोल्डरमध्ये ‘~$’ या चिन्हांनी सुरू होणारी एक छोटी लपलेली फाइल तयार होते आणि तीत वापरकर्त्याचे नाव लिहिले जाते. दुसऱ्याला दिसणारे ‘अमुक व्यक्तीकडून वापरात’ हे नाव तेथूनच येते. मात्र आज्ञावली अकस्मात बंद पडली तर ही छोटी फाइल मागे राहते आणि मनुष्य स्वतःच्याच नावाने अडविला जातो. आपल्याकडील अनेक संगणककक्षांत सर्व यंत्रांवर नोंदविलेले नाव ‘यूजर’ किंवा ‘अॅडमिन’ असेच असते. तेथे हा संदेश अक्षरशः खरा असूनही निरुपयोगी ठरतो. प्रत्येक यंत्रावर खरे नाव नोंदविणे, एवढ्या बिनखर्चिक उपायाने प्रस्तावनेतील प्रसंग टळू शकला असता.

८. उपायांचा क्रम आणि त्यामागील विवेक

या इतिहासातून उपायांचा एक तर्कशुद्ध क्रम हाती येतो. प्रथम अडथळा कुलपाचा आहे की अधिकाराचा, हे ठरवावे. कुलपाचा असल्यास धारक याच यंत्रावर आहे की जाळ्यावरील दुसऱ्या यंत्रावर, हे पाहावे. सामायिक फोल्डरमधील फाइलीचा दूरचा धारक शोधण्याची जागा म्हणजे ती फाइल प्रत्यक्ष साठविणारा संगणक होय. आपल्या यंत्रावर कितीही शोधले तरी तो सापडणार नाही. धारक सापडल्यावर त्याचे स्वरूप ध्यानात घ्यावे. तो विषाणूरोधक किंवा शोधसूची बनविणारी आज्ञावली असेल, तर थोडा वेळ थांबणे पुरते. दस्तऐवज उघडून बसलेला सहकारी असेल, तर दूरध्वनी हे सर्वोत्तम साधन होय. त्यानंतर आज्ञावली रीतसर बंद करणे, ते न जमल्यास प्रक्रिया संपविणे आणि अखेरीस यंत्र पुन्हा सुरू करणे, असा क्रम असावा.

धारक आज्ञावली चालू ठेवून तिच्या हातातील फाइल तेवढी हिसकावून घेण्याची सोयही काही साधने देतात. हा उपाय सर्वांत शेवटी ठेवावा, किंबहुना टाळावाच. आपली फाइल काढून घेतली गेली आहे हे त्या आज्ञावलीस कळत नाही. ज्या क्रमांकाने ती फाइलीस ओळखत होती, तोच क्रमांक पुढे दुसऱ्या फाइलीस मिळू शकतो, आणि मग पहिल्या फाइलीसाठी असलेला मजकूर दुसरीत लिहिला जाण्याचा संभव निर्माण होतो. सीटीएसएसवरील अदलाबदल अशा रीतीने आपण स्वतःच्या हाताने पुन्हा घडवून आणू.

नव्या नावाने प्रत काढणे हा मार्ग सर्वांत सोपा आणि म्हणूनच सर्वांत फसवा आहे. तेथे कुलूप मोडले जात नाही, त्याला वळसा घातला जातो. रिची व थॉम्पसन यांनी दर्शविलेली अपुरेपणाची जागा नेमकी हीच. प्रत काढणे अटळ असेल, तर ती मूळ फाइलीत कोण व केव्हा मिसळणार, हे त्याच क्षणी लिहून ठेवणे आवश्यक आहे.

९. कुलपाविना सहकार्य

कुलूप टाळूनच सहकार्य साधता येईल का, याचाही शोध समांतरपणे चालू होता. आज्ञावल्यांच्या मजकुराच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनांत हे स्थित्यंतर स्पष्ट दिसते. मार्क रॉकाइंड यांनी १९७२ मध्ये बेल प्रयोगशाळेत आरंभिलेली ‘एससीसीएस’ आणि १९८० च्या दशकाच्या आरंभीची वॉल्टर टिची यांची ‘आरसीएस’ या दोन्ही कुलपावर आधारलेल्या होत्या. १९८६ मध्ये डिक ग्रून यांनी ‘सीव्हीएस’ रचताना प्रत्येकाला स्वतःची प्रत द्यावी व नंतर बदलांचे मीलन करावे, ही पद्धत स्वीकारली. २००५ पासूनची ‘गिट’ त्याच वाटेने पुढे गेली. एलिस व गिब्ज यांनी १९८९ मध्ये, अनेकांनी एकाच क्षणी एकाच मजकुरावर लिहावे आणि प्रत्येकाच्या कृतीचे इतरांच्या कृतींनुसार रूपांतर व्हावे, अशी पद्धत मांडली. २००६ पासून गूगलच्या दस्तऐवजांमुळे असे सहलेखन घरोघरी पोचले.

येथे प्रत हा अपघात राहिलेला नाही. ती व्यवस्थेचा भाग झाली असून तिच्या परतीचा मार्ग आधीच आखलेला आहे. तरीही कुलूप इतिहासजमा झालेले नाही. चित्रे, ध्वनिमुद्रणे यांसारख्या ज्या फाइलींच्या दोन आवृत्त्या मिसळता येत नाहीत, तेथे आजही त्याचाच आश्रय घ्यावा लागतो.

१०. समारोप

सारांश, ‘फाइल वापरात आहे’ हा संदेश सामायिक वापराची अटळ किंमत आहे. सीटीएसएसने कुलपाच्या अभावी काय घडते ते दाखविले, युनिक्सने आज्ञावल्यांच्या सद्वर्तनावर विसंबून पाहिले, विंडोजने दारात पहारा बसविला आणि विदागारांनी सक्तीबरोबर माघारीचीही तरतूद केली. या सर्व वाटांवर एक गोष्ट पुन्हा पुन्हा प्रत्ययास आली. कुलूप कोणाचे आहे हे कळले, तर बहुतेक वेळा बळाची गरजच उरत नाही.

महाविद्यालयांत गुणपत्रके, प्रवेशयाद्या, मूल्यांकन अहवाल हे सारे सामायिक फाइलींत असते. त्यामुळे हा विषय केवळ संगणकशास्त्र विभागाचा राहत नाही. यंत्रांवर खरी नावे नोंदविणे, सामायिक फाइल बंद करूनच जागा सोडणे आणि काढलेल्या प्रतीची नोंद ठेवणे, हे तीन संकेत प्रत्येक कार्यालयाने पाळावेत. त्या निकालपत्रावर अनुपस्थित ठरलेल्या विद्यार्थ्यांपैकी काहींना त्या तीन आठवड्यांत पुढील प्रवेशाचे अर्ज भरावयाचे होते. आपले गुण एका कुलूपबंद फाइलीच्या दुसऱ्या प्रतीत सुरक्षित आहेत, हे त्यांना कोणी सांगू शकले नव्हते.